शेवटच्या रांगेतली गाडी

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझं अंथरूण अकरा हजार लारींचं,
त्यातले चारशे आईच्या चष्म्याचे,
आणि पाय मात्र रोज
एकशे चाळीस किलोमीटर पसरायचे आहेत,
तेलावी ते तिबिलिसी आणि परत,
गोम्बोरीच्या घाटातून.

शेवटची मार्शुत्का सहाला सुटते.
माझे पेशंट डायलिसिसच्या यंत्रावरून आठला सुटतात.
आठनंतर घरी कसं पोचायचं
याची चार वर्षांत मी बावीस उत्तरं शोधली.
त्यातलं सगळ्यात गोड: सप्टेंबरात, टेम्पोत,
द्राक्षांच्या क्रेटवर बसून.
बाकीची सांगण्यासारखी नाहीत.

म्हणून रुस्तावी. फेब्रुवारी.
नजर जाईल तिथवर गाड्या,
काचांमागे पुठ्ठ्यांवर लिहिलेल्या किमती,
आणि वारा असा की किमतींनाही हुडहुडी.
बरोबर वाझा, माझ्या नणंदेचा नवरा,
मेकॅनिक, अबोल, खिशात लोहचुंबक.

मी छातीवर स्टेथोस्कोप फिरवते
तसा तो दारांवरून चुंबक फिरवतो.
चिकटलं तर पत्रा, घसरलं तर पुट्टी.
"इथे पुट्टी. इथे पुट्टी.
इथे तर पुट्टीलाच चाकं लावलीत."

एका चंदेरीपाशी मी थांबले.
आत लिंबाचा वास, सीटा कोऱ्या.
विकणारा एल्शान, मार्नेउलीचा, जिभेवर साखर:
"ताई, अमेरिकेत एक मास्तरीण वापरायची,
तीही फक्त रविवारी."
वाझाने मागच्या सीटचा पट्टा धरला
आणि ओढत राहिला, ओढत राहिला,
कुणी कधी ओढत नाही
त्या शेवटच्या वितीपर्यंत.
तिथे एक आडवी रेघ. तपकिरी. गाळाची.
गाडी छातीइतक्या पुरातून आली होती.

सूज चढली की मोज्याची अशीच रेघ
माझ्या पेशंटांच्या पोटरीवर उमटते.
पाणी कुठवर आलं होतं
हे अंग लपवत नाही, फक्त
कुणीतरी मोजा खाली करून पाहावा लागतो.
एल्शान आभाळाकडे बघू लागला.

शेवटच्या रांगेत, कुंपणाला टेकून,
मातकट रंगाची छोटी होंडा.
डावं दार दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, पांढरं.
मीटरवर एक लाख अठरा हजार.
मी हरखले.
"मैल आहेत," वाझा म्हणाला
आणि तळहातावर बोटाने गुणाकार करून
माझा आनंद एक लाख नव्वद हजारांवर नेऊन ठेवला.

पण इंजिनने पहिल्या हाकेला ओ दिली.
पट्ट्याच्या टोकाशी धूळच, नुसती धूळ.
हीटर एकाच पायाला ऊब देतो, उजव्या.
"ब्रेकचा पाय तोच,"
हा वाझाचा वर्षाचा विनोद.
बारा मागितले, मी नऊ म्हणाले,
दोनदा उठून गेले, दोनदा परत आले,
साडेदहाला हात मिळाला.
उरलेल्या पाचशेत दोन हिवाळी टायर, वापरलेलेच,
आणि टाकीच्या तळाला थोडं पेट्रोल.
चष्मा मार्चवर गेला.

कागद ठेवायला पुढचा कप्पा उघडला
तर आत एक वही.
निळी शाई, बारीक आकडे:
तारीख, मैल, गॅलन, डॉलर.
दर चार दिवसांनी एक ओळ, पानामागून पान.
नाव कुठेच नाही,
पण हिशोबावरून कळतं
माणूस लांबून कामाला जातो ते.
शेवटची ओळ चौदा नोव्हेंबरची.
त्याखाली कोरं.
मी पांढऱ्या दाराकडे पाहिलं
आणि मग पाहिलं नाही.

घाटाच्या पायथ्याच्या पंपावर
बोनेटवर वही ठेवून
त्या ओळीखाली मी आमच्या गोल अक्षरांत तारीख टाकली.
मैल तसेच ठेवले. लीटर माझे.
वर धुकं उतरत होतं.
वाझाने सहज म्हणून हॉर्न दाबला.
वाजला नाही.
तेवढं एक तपासायचं राहिलं होतं.